काठीचा खालचा अर्धा भाग

आमच्या महाविद्यालयात पूलचे टेबल आले ते खेळण्यासाठी नव्हे. मूल्यांकन समिती येणार होती, आणि समितीच्या प्रश्नावलीत 'कर्मचाऱ्यांसाठी करमणुकीच्या सोयी' असा एक रकाना होता. तो रिकामा ठेवणे बरे दिसले नसते. म्हणून ग्रंथालयामागच्या खोलीतले मोडके बाक हलवण्यात आले आणि तेथे हिरव्या कापडाचे एक टेबल, सोळा चेंडू आणि सहा क्यू, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, आणून ठेवण्यात आले. समिती आली, टेबलाभोवती एकदा फिरली, सदस्यांपैकी एकाने पांढरा चेंडू बोटाने ढकलून पाहिला, आणि समिती गेली. त्यानंतर दोन वर्षे त्या टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवले जात होते. सपाट पृष्ठभाग म्हणून ते टेबल उत्तम होते.

मी तेथे संख्याशास्त्र शिकवतो. लातुरात दूरदूरच्या गावांहून मुले शिकवण्या लावायला येतात, पण आमच्या विषयाकडे त्यांतली फारशी वळत नाहीत, आणि हे माझ्या स्वभावाला मानवलेले आहे. लहानपणी मी प्रत्येक खेळात कच्चे लिंबू होतो. पुढे अभ्यासात बरा निघाल्यामुळे त्या पदावरून माझी सुटका झाली आणि नंतर पन्नाशीपर्यंत मी कोणत्याही खेळाच्या वाटेला गेलो नाही.

एका संध्याकाळी मी तपासलेल्या उत्तरपत्रिकांचा शेवटचा गठ्ठा त्या टेबलावरून उचलला. खालचे हिरवे कापड पहिल्यांदाच सलग दिसले. मी ते पाहत थोडा वेळ उभा राहिलो असेन, कारण मागून आवाज आला, "खेळायचं काय, सर?"

बोलणारे आमच्या ग्रंथालयाचे शिपाई होते. त्यांना सगळे मामा म्हणतात. विद्यार्थी म्हणतात, प्राध्यापक म्हणतात, आणि वयाने त्यांच्याहून मोठे असलेले प्राचार्यही म्हणतात. मामा तरुणपणी सोलापूरला एका क्लबात कामाला होते. साहेब लोकांच्या क्यू पुसून ठेवणे हे त्यांचे काम होते, आणि साहेब लोक जेवायला गेले की त्याच क्यूंनी खेळणे हा त्यांचा छंद होता. ही माहिती त्यांनी पंधरा वर्षांत कोणाला सांगितली नव्हती, कारण कोणी विचारले नव्हते. मीही विचारले नव्हते.

"मला येत नाही," मी म्हणालो.

"ते दिसूनच राहिलंय," मामा म्हणाले. "पांढऱ्या गोटीनं बाकीच्या गोट्या भोकात पाडायच्या. पांढरी सोताच पडली की डाव समोरच्याचा. एवढंच हाय."

एवढेच नव्हते, हे पुढच्या दीड वर्षात माझ्या लक्षात आले. पण रोज साडेपाचला महाविद्यालय रिकामे झाले की आम्ही तासभर खेळू लागलो. सहा क्यूंपैकी पाच वाकल्या होत्या. एकीने जळमटे काढली जात, एकीवर कोणीतरी झेंडा लावला होता. सहावी तेवढी सरळ राहिली होती, म्हणून ती आम्ही दोघांत वापरत असू. मी मारायचे, क्यू मामांना द्यायची. त्यांनी मारायचे, मला द्यायची. मामा काठी देताना जाड बाजू माझ्याकडे करीत, जशी विळा किंवा कात्री देताना मूठ करतात. बोलणे फारसे होत नसे. माझ्या नेमाने चुकणाऱ्या फटक्यांवर मामा एखादे वाक्य बोलत. "सर, गोटी मारायची हाय, तिला प्रश्न विचारायचा न्हाई," हे त्यांतले एक. मला वाटते, माझ्या प्रौढ आयुष्यात मी इतक्या नियमितपणे कोणाबरोबर वेळ घालवलेला नाही. घरच्या माणसांचा अपवाद करतो, पण त्यांच्याबरोबरचा वेळ मोजलेला नसतो.

दीड वर्षात मी एकही डाव जिंकलो नाही. उशिरा शिकणाऱ्याने सराव जास्त करावा, असे मी वाचले होते. खेळाविषयीचे माझे बहुतेक ज्ञान वाचूनच आलेले आहे. म्हणून एप्रिलमधल्या एका शुक्रवारी मी ती सरळ क्यू घरी नेली. जेवणाच्या टेबलावर आरशासमोर वाकून उभे राहावे, हात कोपरातून सरळ मागेपुढे जातो की नाही ते पाहावे, असा बेत होता.

क्यू मधोमध पेचाने उघडते आणि तिचे दोन भाग होतात. वरचा बारीक भाग चेंडूला लागतो. खालचा जाड भाग हातात धरायचा असतो. खेळणारे त्याला बट म्हणतात. मी घरी पोचलो तेव्हा बाहेर माझ्या मेहुण्यांची गाडी उभी होती. नांदेडची मंडळी लग्नाच्या आमंत्रणासाठी आली होती. हातात क्यू घेऊन त्यांच्यासमोरून जाणे मला शक्य नव्हते. वरचा भाग मी सामान्य वितरणाच्या वक्राचा जो तक्ता वर्गात वापरतो त्याच्या गुंडाळीत सरकवला आणि आत गेलो. खालचा भाग त्या गुंडाळीत मावेना. तो माझ्या गाडीच्या मागच्या आसनाखाली राहिला. मंडळी सोमवारपर्यंत राहिली. गाडी तोवर उन्हात उभी होती.

लातूरचे एप्रिलचे ऊन आणि बंद गाडी, एवढे सांगितले की इथल्या माणसाला पुढचे सांगावे लागत नाही. मंगळवारी मी तो भाग बाहेर काढला तेव्हा त्यावरचा काळा, संगमरवरी नक्षीचा प्लास्टिकचा कागद फोड आल्यासारखा फुगला होता. त्याखाली लाकडाचे तीन तुकडे एकमेकांना गोंदाने जोडलेले होते. तिन्ही वेगवेगळ्या जातींचे होते. गोंद वितळल्यावर प्रत्येकाने आपापली दिशा धरली होती.

मामांनी तो भाग हातात घेतला, टेबलाच्या काठावर वाजवला आणि त्याच्याकडे डोळा लावून पाहिले.

"आतून तीन हायेत की हे," ते म्हणाले. "वरून एक दाखवून राहिले. गाडीत ठेवली व्हती काय?"

"हो."

"घरी नेली व्हती?"

"हो."

"सरावाला?"

मी मान डोलावली.

"आरशासमोर," मामा म्हणाले. हा प्रश्न नव्हता. मग म्हणाले, "मी बी करायचो. खोऱ्याच्या दांड्यानं. माय म्हणायची, याला वारं लागलं."

त्यांना राग आला नाही, हे मला जास्त अवघड गेले. कारण मामा एकतीस मेला निवृत्त होणार होते. त्यांच्या पिढीतल्या असंख्य माणसांप्रमाणे मामांचाही जन्म, शाळेत नाव घालणाऱ्या गुरुजींच्या सोयीने, एक जूनला झालेला आहे. हाती पाच आठवडे होते. निवृत्त शिपायाने महाविद्यालयात येऊन प्राध्यापकाबरोबर खेळावे अशी पद्धत आमच्याकडे नाही. तशी बंदीही नाही, पण पद्धत नसणे हे आमच्याकडे बंदीहून पक्के असते. शहरात पूलची एक जागा आहे, ती शिकवण्यांच्या गल्लीत, आणि तेथे दुपारपासून रात्रीपर्यंत माझेच विद्यार्थी असतात. तिच्या जिन्यासमोरून मी दुचाकीवर जातानाही मान दुसरीकडे वळवीत असे. म्हणजे आमचे जे काही खेळायचे राहिले होते ते त्या पाच आठवड्यांत होते, आणि त्यासाठीची एकुलती एक काठी मी गाडीत शिजवली होती.

निवृत्तीच्या कार्यक्रमात आमचा कर्मचारीवर्ग सर्वांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ देतो. ज्याला आता कुठेच वेळेवर पोचायचे नाही त्याला घड्याळ का द्यावे, हा प्रश्न मी दरवर्षी मनात विचारतो आणि दरवर्षी वर्गणी देतो. त्या मंगळवारी मी ठरवले की मामांना मी वेगळे काही द्यायचे. क्यूचा वरचा भाग शाबूत होता. त्याला खालचा भाग नवा करून घ्यायचा, अखंड एका लाकडाचा, साधा, जोड नसलेला, वरून काही न चिकटवलेला. ती काठी मामांची. तिने पहिला डाव महाविद्यालयात खेळायचा, आणि मग त्यांना विचारायचे की पुढे कुठे खेळू या. हे विचारणे सर्वांत अवघड होते, म्हणून ते मी यादीत शेवटी ठेवले.

वरचा भाग महाविद्यालयाचा होता. मी प्राचार्यांना अर्ज दिला की बदल्यात एक नवी पूर्ण क्यू मी देतो, आणि जुन्या क्यूचा वरचा अर्धा भाग मला मिळावा. नवी क्यू मागवली होती, पण ती जूनच्या आधी पोचणार नव्हती.

प्राचार्यांनी अर्ज दोनदा वाचला. "अर्धाच का?"

"खालचा अर्धा खराब झालेला आहे."

"कोणी केला?"

"मी."

त्यांनी सही केली. चोवीस वर्षांत मी काहीतरी खराब केल्याची ही पहिलीच नोंद असावी. त्यांच्या चेहऱ्यावर थोडे समाधान दिसले.

मग मी वाचनाला लागलो. कोणत्या लाकडाचा भार किती, कोणते ऋतूप्रमाणे फुगते, कोणते सरळ राहते, याचा तक्ता केला. चार लाकडे, सहा निकष, प्रत्येक निकषाला भारांक. जुने मुरलेले सागवान पहिले आले, शिसव दुसरे, धावडा तिसरा आणि बाभूळ चौथी. इतके लांब लाकूड सरळ कातून देणारा खरादी लातुरात मला मिळाला नाही. नांदेडच्या जुन्या भागात एक आहेत, असे मेहुण्यांकडून कळले. ते पाळण्याचे खूर, बाजांचे पाय आणि लाटणी कातून देतात.

मे महिन्यात विद्यापीठाच्या कामासाठी नांदेडला जाणे झाले, तेव्हा काम आटोपून मी त्या दुकानात गेलो. खरादी साठी उलटलेले होते, भुशाने त्यांची दाढी पिवळसर झाली होती. खराद चालू होते. त्यांनी ते थांबवले आणि विचारले, "बोला साहेब, काय होना?"

मी तक्ता खिशात चाचपला. दुकानात आणखी दोन बायका उभ्या होत्या, पाळण्याचे खूर बघत होत्या. मी वयाच्या बावन्नाव्या वर्षी पूल शिकतो आहे, हे वाक्य मी लातूर ते लोहा मनात जुळवत आलो होतो. लोह्याच्या पुढे ते चांगले जमलेही होते.

"लाटणं," मी म्हणालो.

"एक?"

"दोन."

सौभाग्यवतींनी ती लाटणी पाहिली, स्वयंपाकघरात आधी असलेल्या दोन लाटण्यांशेजारी ठेवली आणि म्हणाल्या, "अहो, चार जणी पोळ्या लाटायला येणार आहेत का?"  खरे तर त्या दिवशी सांगायला हवे होते, पण एकदा लाटणे म्हटल्यावर माणूस त्या बाजूलाच जात राहतो.

मेचे दोन आठवडे उरले तेव्हा माझ्या लक्षात आले की मी एकटा पुन्हा गेलो तर पोळपाट घेऊन येईन. म्हणून मी मामांना विचारले, रविवारी माझ्याबरोबर नांदेडला याल का. लाकूड निवडायला मदत हवी आहे. कोणासाठी, ते सांगितले नाही. त्यांनी ते माझ्यासाठी आहे असे धरले, आणि मी तसे धरू दिले.

"येतो की," मामा म्हणाले. "लाकूड मला कळतं. गोटी तुमाला कळली असती तर बरं झालं असतं."

बसस्थानकावर मामा माझ्या आधी हजर होते आणि त्यांनी खिडकीतून रुमाल टाकून दोन जागा धरल्या होत्या. खिडकीची जागा त्यांनी मला दिली. मी ती त्यांना परत दिली. हे दोनदा झाल्यावर मागच्या बाईने आम्हाला बसायला सांगितले. अहमदपूरपर्यंत आम्ही रस्त्यावरचे फलक वाचत गेलो. टेबल मध्ये नसले की काय बोलावे हे दोघांनाही माहीत नव्हते.

खरादींनी मला ओळखले. "या, साहेब. काय झालं, लाटणं मोडलं?"

"नाही," मी म्हणालो. "लाटणी चांगली आहेत."

आणि मी तक्ता काढून त्यांच्या हातात दिला, कारण तो मी शुद्ध अक्षरात लिहिला होता आणि त्यात सर्व काही होते. खरादींनी कागद लांब धरला, जवळ धरला.

"यह क्या, किसका निकाल है?" त्यांनी मामांना विचारले.

"चाचा, सरांना गोट्या खेळायची काठी करायची हाय," मामा म्हणाले. "वरची हाय. खालची पायजे. एका लाकडाची, जोड नको. हे बघा." आणि त्यांनी पिशवीतून वरचा भाग आणि त्या बिघडलेल्या खालच्या भागातून सोडवून घेतलेली पितळी पेचाची नळी काढून ठेवली. पेच सोडवून आणण्याचे मला सुचलेही नव्हते.

"असं सांगा ना," खरादी म्हणाले. "क्लबची काठी. मागे मी एक केली होती. वरून दोन लाल कडी टाकू? लाखेचं काम. पाळण्याला टाकतो तसं."

"साधी हवी," मी म्हणालो.

"साधी म्हणजे कडी नाही?"

"काहीच नाही."

त्यांनी माझ्याकडे थोड्या सहानुभूतीने पाहिले आणि आत गेले. येताना त्यांनी चार-पाच लांब तुकडे आणले आणि लाकडी ओट्यावर मांडले. त्यातला एक गडद, जुना, कोपऱ्यांवर धुराने काळा झालेला होता.

"हा बघा, तुमच्या कागदात पहिला नंबर. सागवान. जुन्या घराची तुळई. किल्लारीकडचं लाकूड, भूकंपानंतर आमच्या अब्बांनी उचललं होतं. तीस वर्षांपासून पडून आहे. आता हे बिलकुल हलणार नाही. काठी सरळच्या सरळ राहील."

तक्त्याप्रमाणे हेच लाकूड निवडायला हवे होते. मी हात पुढे केला. पण मामांनी तो तुकडा आधी उचलला होता. मामांचे गाव औशापासून किल्लारीकडे जाताना लागते, हे मला माहीत होते. ते गाव आता जुन्या जागेवर नाही, एवढेही माहीत होते. मामांनी तुकडा डोळ्यापुढे धरला नाही की वाजवला नाही. नुसता दोन्ही हातांत धरला. मग दोन्ही हातांनीच परत ओट्यावर ठेवला, सगळ्यांपासून थोडा दूर.

"याचा देव्हारा करा, चाचा," ते म्हणाले. "खेळायला नको."

खरादींनी तो तुकडा आत नेला. मी तक्ता घडी करून खिशात ठेवला. पहिली ओळ गेल्यावर भारांक नव्याने काढावे लागले असते.

त्यानंतर मामा कामाला लागले. त्यांनी प्रत्येक तुकडा हातात घेतला आणि त्याच्या टोकापासून टोकापर्यंत बोट फिरवले. "सर, हे बघा. लाकडाला रेघ असती. या टोकाला सुरू झाली ती त्या टोकालाच बाहेर पडली पायजे. मधीच कुशीतून बाहेर पडली की दांडा तिथंच मोडतो. कुऱ्हाडीचा आसो का खोऱ्याचा." मग ते तुकडा बोटाच्या पेरावर ठोकून कानाशी धरत. धावड्याचा तुकडा त्यांनी लगेच बाजूला केला, त्याची रेघ कुशीतून गेली होती. शिसवाचा तुकडा सुंदर होता, जांभळट काळा, आणि हातात घेतल्यावर मला तो सोडवेना.

"लई भारी हाय हे," मामा म्हणाले. "देखणंबी हाय. याच्याकडं बघण्यात गोटी राहून जाईल."

शेवटी बाभळीचे दोन तुकडे उरले आणि सागवानाचा एक नवा. बाभूळ आमच्याकडे बांधाबांधावर असते. वखर, कुळव, जे काही शेतात ओढायचे ते तिचे करतात. लाकूड कापून महिनोन्महिने पाण्यात बुडवून ठेवतात, म्हणजे त्याला कीड लागत नाही आणि ते नंतर तडकत नाही. हे दोन तुकडे तसे मुरवलेले होते, असे खरादी म्हणाले. मामांनी एकाच्या टोकाला जीभ लावून खात्री केली.

मग त्यांनी तिन्ही तुकडे माझ्यापुढे मांडले आणि मागे सरकले.

"घ्या."

"तुम्हीच सांगा," मी म्हणालो.

"ते आमच्यात चालत न्हाई. वाईट काढून टाकायचं काम मी केलं. दांडा ज्याचा त्यानंच उचलायचा. डोळे मिटून. बापबी पोराचा दांडा निवडत न्हाई. दुसऱ्यानं निवडला की हातात बसत न्हाई तो, सारखा फिरतो."

"खरं आहे," खरादी म्हणाले. "लोक येतात, आँख बंद करतात, उचलतात. मोठमोठे लोक."

मी त्या क्षणी दोन गोष्टी करू शकत होतो. डोळे मिटून एक तुकडा उचलायचा, म्हणजे ती काठी माझी झाली असती आणि मामांना घड्याळ मिळाले असते; किंवा खरे सांगायचे. मी डोळे मिटलेही. हात पुढे केला. बोटांना लाकूड लागले. कोणते ते मला कळले नाही, आणि कळून उपयोग नव्हता. मिटल्या डोळ्यांनी बोलणे मला सोपे जाते हे त्या वेळी समजले.

"मामा, हे माझ्यासाठी नाही. तुमच्यासाठी आहे."

 मी डोळे उघडले नाहीत.

"मला कशाला?" मामांचा आवाज आला. "माझं झालं की आता. एकतीस तारीख."

"त्यानंतरसाठी."

"त्यानंतर कुठं खेळायचं? गच्चीवर?"

"शिकवण्यांच्या गल्लीत. वरच्या मजल्यावर आहे ते."

"तिथं तुमची पोरं असतात, सर."

"असतात."

"तुमी तर तिकडं बघत बी न्हाई. मान मोडल्यासारखी फिरवता. मी बघितलंय."

हे त्यांनी कधी पाहिले होते ते मी विचारले नाही. "असू देत," मी म्हणालो. "तुम्ही येणार असाल तर मी येईन."

"डोळे उघडा आधी," मामा म्हणाले. "लोक बघून राहिले."

दुकानाबाहेर एक रिक्षावाला थांबून आमच्याकडे पाहत होता. खरादी हात कमरेवर ठेवून उभे होते. "साहेब," ते म्हणाले, "हे त्या दिवशी बोलले असते तर लाटण्याचा खर्च वाचला असता."

मामा ओट्याजवळ आले. त्यांनी टोपी काढली, परत घातली, आणि डोळे मिटले. तिन्ही तुकडे एकेक करून उचलले, तळव्यावर तोलले, मुठीत फिरवले. दुसऱ्यांदा एकच उचलला. ती बाभूळ होती. दोन तुकड्यांपैकी ज्याच्या एका टोकाजवळ गाठ होती तो.

"याला गाठ आहे," मी म्हणालो.

मामांनी डोळे उघडून ती गाठ पाहिली आणि अंगठ्याने दाबली. "शेवटी हाय. तिथं हात जात न्हाई. रेघ तिला वळसा घालून गेली, तुटली न्हाई." मग खरादींना म्हणाले, "चाचा, कडी नको. काहीच नको."

काठी तीन दिवसांनी मेहुण्यांबरोबर लातूरला आली. फिकट विटकरी रंगाची, तेल पाजलेली, एका टोकाला ती गाठ. तक्त्याप्रमाणे बाभूळ चौथी होती. तक्त्यात हाताचा रकाना नव्हता.

एकतीस मेला महाविद्यालयाला सुट्टी होती, म्हणून कार्यक्रमाला नऊ जण होते. प्राचार्यांनी मामांच्या वक्तशीरपणाचा गौरव केला आणि त्यांना घड्याळ दिले. नंतर आम्ही ग्रंथालयामागच्या खोलीत एक डाव खेळलो. मामा अंगावर शाल ठेवूनच खेळले आणि जिंकले. प्रत्येक फटक्यानंतर जाड बाजू माझ्याकडे करून काठी देत होते. ती आता त्यांची होती, पण दुसरी नव्हती.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही शिकवण्यांच्या गल्लीतला तो जिना चढलो. मामांच्या खांद्याला काठी होती, सौभाग्यवतींनी जुन्या सतरंजीच्या कापडाची पिशवी शिवून दिली होती. त्यांना मी सर्व सांगितले होते. त्या म्हणाल्या होत्या, "मग लाटणी परत करा."

वर चार टेबले होती. एकावर माझ्या दुसऱ्या वर्षाचे तीन विद्यार्थी होते. मला पाहताच तिघांनी क्यू पाठीमागे लपवल्या. क्यू साधारण पाच फूट लांब असते, आणि त्यांनी त्या कमरेशी धरल्या होत्या, त्यामुळे त्या तिघांच्याही डोक्यावरून वर दिसत होत्या. मी परत वळलो असतो, पण मामा जिन्याच्या तोंडाशी उभे होते.

"नमस्कार, सर," तिघे एकदम म्हणाले.

"नमस्कार," मी म्हणालो. पुढचे वाक्य जुळवलेले नव्हते.

"खेळा रे, खेळा," मामा त्यांना म्हणाले. "भिऊ नका. सर शिकवायला न्हाई आले. शिकायला आलेत."

तिघांनी क्यू पुढे घेतल्या. जागेच्या मालकाने आम्हाला एक टेबल दाखवले आणि भिंतीवरच्या मांडणीतून आणखी एक क्यू काढून माझ्यापुढे धरली. मी ती घेतली. मग पाहिले की तिच्यावर तोच संगमरवरी कागद होता; आत तीन तुकडे असणार. मी ती टेबलाला टेकवून ठेवली. मामांनी पहिल्या फटक्याने चेंडू पांगवले, दोन पाडले, तिसरा चुकवला, आणि बाभळीची जाड बाजू माझ्याकडे केली.

मी वाकलो. कोपर सरळ मागे जातो की नाही ते पाहायला तेथे आरसा नव्हता. शेजारच्या टेबलावरचा खेळ थांबला होता हे मला ऐकू येत होते.

त्या संध्याकाळी मी एक चेंडू पाडला. तो पांढरा होता. मी काठी मामांना दिली.